तिसऱ्या मुलाचं ताट

५ एप्रिल २०१७. बर्मिंगहॅमच्या एखाद्या हॉस्पिटलात रात्री पावणेबाराला एक बाळ जन्मलं, असं समजू. पलीकडच्या खाटेवर आणखी वीस मिनिटांनी दुसरं. दोन्ही बाळं आपापल्या घरातली तिसरी. एकाचा बाप गोदामात माल उचलतो, दुसऱ्याची आई वृद्धाश्रमात पाळ्या करते. कमाई सारखीच तुटपुंजी आणि घरभाडं सारखंच महाग. तरीही पहिल्या बाळाच्या नावानं त्या घराला वर्षाला २७८० पौंडांची सरकारी मदत सुरू झाली आणि दुसऱ्या बाळासाठी ती कधीच आली नाही. दोघांच्या मध्ये बारा वाजले होते, फरक एवढाच.

बाळं मी कल्पनेतली घेतली आहेत, नियम खरा आहे. ६ एप्रिल २०१७ किंवा त्यानंतर जन्मलेलं तिसरं, चौथं, पाचवं मूल गरीब घरांना मिळणाऱ्या मदतीच्या हिशेबात धरायचं नाही, असं ब्रिटननं ठरवलं. 'टू-चाइल्ड लिमिट', म्हणजे दोन मुलांची मर्यादा, हे त्याचं रोजच्या बोलण्यातलं नाव. बहुतेक घरांना मिळणारा साधा बालभत्ता तिसऱ्यालाही चालू राहिला, पण तो २०२५ मध्येही आठवड्याला सतरा पौंडांच्या आसपास. ज्यावर गरीब घर खरोखर तगतं त्या 'युनिव्हर्सल क्रेडिट' या मासिक सरकारी मदतीतला मुलाचा हिस्सा गेला. पुढे महागाईबरोबर ही रक्कम वाढत वाढत मुलामागे वर्षाला साडेतीन हजार पौंडांवर पोचली, आणि ती न मिळणाऱ्या घरांत राहणारी मुलं झाली सोळा-सतरा लाख.

ही बातमी मी पुण्यात एका कौटुंबिक जेवणात सांगितली तेव्हा आमचे एक काका पटकन म्हणाले, "बरोबरच आहे की. परवडत नसेल तर माणसानं मुलं काढू नयेत." पंगतीतल्या बहुतेकांच्या माना हलल्या. मला आश्चर्य वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. हेच वाक्य, जवळजवळ याच सुरात, मी पूर्व लंडनमध्ये राहत असताना शेजारच्या एका निवृत्त इंग्रज गृहस्थांच्या तोंडून ऐकलं होतं.

तेव्हा आधी या वाक्याचाच विचार करू, कारण ते मूर्खपणाचं नाही. जॉर्ज ऑसबॉर्न या अर्थमंत्र्यांनी जुलै २०१५ च्या अर्थसंकल्पात हा नियम जाहीर केला तेव्हा त्यांचं म्हणणं साधारण असं होतं: जी कुटुंबं फक्त स्वतःच्या कमाईवर जगतात ती तिसऱ्या मुलाचा विचार करताना खिशाकडे बघतात, मग सरकारी मदत घेणाऱ्यांनीही तसंच का बघू नये? वरवर पाहता यात न्यायाची भाषा आहे. स्वतः दोन मुलांवर थांबलेला, वाढत्या भाड्यानं आणि न वाढणाऱ्या पगारानं कावलेला माणूस 'माझ्या करातून त्याची चार पोरं का?' असं विचारतो तेव्हा त्याला दुष्ट म्हणून उडवून लावता येत नाही. तो चुकतोय, पण त्याची चूक समजावून सांगावी लागते.

पहिली गोष्ट, या वाक्यात 'सरकारी मदत घेणारे' आणि 'काम करणारे' अशा दोन वेगळ्या जाती गृहीत धरल्या आहेत. प्रत्यक्षात या मर्यादेनं ज्या घरांची मदत कापली गेली त्यांतल्या निम्म्याहून जास्त घरांत कुणीतरी कामावर जात होतं. ब्रिटनमध्ये गरिबीत राहणाऱ्या दर दहा मुलांपैकी सात मुलं कमावत्या घरातली आहेत. म्हणजे बाप किंवा आई पहाटे उठून बस पकडते, कुणाचं ऑफिस पुसते, कुणाच्या म्हाताऱ्या वडिलांना आंघोळ घालते, आणि तरीही महिनाअखेर पुरत नाही.

दुसरी गोष्ट काळाची. मूल होतं एका दिवशी आणि पोसावं लागतं अठरा वर्षं. तिसरं मूल जन्मलं तेव्हा दोघांच्या नोकऱ्या चालू होत्या, सगळं परवडत होतं. मग नवरा आजारी पडला, किंवा निघून गेला, किंवा २०२० च्या मार्चमध्ये हॉटेलंच बंद झाली. पहिल्यांदाच मदतीच्या दारात उभं राहिल्यावर त्या बाईला सांगण्यात आलं की तुमचं तिसरं मूल २०१७ च्या एप्रिलनंतरचं आहे, ते धरता येणार नाही. तिनं काय करावं अशी ऑसबॉर्नसाहेबांची अपेक्षा होती? झालेलं मूल परत तर करता येत नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी खरं तर वाद संपवणारी ठरायला हवी होती: माणसं थांबली नाहीत. या नियमानं गरीब घरांतले जन्म कमी झाले का हे संशोधकांनी तपासलं. परिणाम निघाला तो अगदी नगण्य, टक्क्याचा अंश म्हणावा इतका. मूल व्हावं की नाही हे घराघरांत ज्या कारणांनी ठरतं त्यांत लाभाच्या कोष्टकातलं कलम बसत नाही. कित्येकांना तर नियम कळला तोच बाळंतपणानंतर अर्ज भरताना. जन्म रोखले गेले नाहीत, झालेल्या मुलांचा पैसा मात्र रोखला गेला. तीन किंवा अधिक मुलं असलेल्या घरांतली चाळीस टक्क्यांहून जास्त मुलं आज ब्रिटनच्या व्याख्येप्रमाणे गरीब आहेत.

नियमाला अपवाद होते. जुळी झाली तर, दत्तक घेतलं तर, नातलगाचं मूल सांभाळत असाल तर. शिवाय एक अपवाद असा की तो वाचताना माणूस थबकतो. तिसरी गर्भधारणा बलात्कारातून किंवा जबरदस्तीच्या नात्यातून झाली असेल तर बाईनं तसा फॉर्म भरायचा, डॉक्टर किंवा समाजसेविका अशा कुणा 'तिसऱ्या व्यक्ती'नं त्यावर सही करायची, आणि ती बाई त्या पुरुषाबरोबर राहत नसली पाहिजे. अंदाजपत्रकाच्या जाडजूड कागदपत्रांतली ही तरतूद ॲलिसन थ्यूलिस या ग्लासगोच्या खासदारबाईंनी हुडकून काढली. लोकांनी तिला 'बलात्काराचं कलम' असं नाव दिलं आणि ते चिकटलं. मुलाच्या दुधाच्या पैशासाठी आईला आपल्यावर काय गुदरलं हे फॉर्मवर लिहावं लागणार, हे पाहून एखाद्या अधिकाऱ्याला तरी पहिल्या मसुद्याच्या वेळी वाटलं नसेल का, की आपण काहीतरी मुळातच चुकीचं रचतोय? प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. जुलै २०२१ मध्ये न्यायालयानं नियम कायदेशीर ठरवला. हा निर्णय संसदेचा आहे, आमचा नाही, असा त्याचा मथितार्थ.

आता काकांचा पुढचा मुद्दा, कारण ते एवढ्यावर थांबले नव्हते. "अरे, पण तिकडची गरिबी ती कसली गरिबी? घरात फ्रिज असतो, टीव्ही असतो. आपल्याकडे मेळघाटात बघ."

मेळघाटाशी तुलना केली तर बोलणंच खुंटतं, आणि ती तुलना बहुतेक वेळा बोलणं खुंटवण्यासाठीच केली जाते. ब्रिटनची गरिबीची रेषा आपल्या दारिद्र्यरेषेसारखी नाही. देशातली सगळी घरं उत्पन्नाप्रमाणे, माणसांची संख्या जमेस धरून, एका रांगेत उभी करायची. बरोबर मध्ये जे घर येईल त्याच्या उत्पन्नाच्या ६० टक्क्यांखाली जे ते गरीब. बहुतेक वेळा हा हिशेब घरभाडं वजा करून करतात आणि तेच योग्य आहे, कारण लंडनमध्ये पगार आला की निम्मा घरमालकाकडे जातो. या मापानं २०२३-२४ मध्ये ब्रिटनमधली ४५ लाख मुलं गरीब होती. शंभरातली ३१. काही जण म्हणतात की रांगेत कुणीतरी शेवटी असणारच, मग ही गरिबी कधी संपायचीच नाही. हे गणित कच्चं आहे. रांगेत शेवटी कुणीतरी असणार हे खरं, पण तो मधल्याच्या साठ टक्क्यांच्याही खाली घसरलाच पाहिजे असं कुठलंही गणित सांगत नाही.

राहिला फ्रिज. फ्रिज चालायला वीज लागते, आणि अनेक गरीब घरांत विजेचं मीटर आधी पैसे भरायचं असतं: कार्डावर दहा पौंड टाकले तर दिवा, संपले की अंधार. जानेवारीत संपले की थंडी. ओल आलेल्या भिंतींवर काळी बुरशी चढते. रॉचडेल या गावात डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचं एक मूल अशा घरातल्या बुरशीनं श्वास कोंडून गेलं आणि त्याच्या नावानं पुढे कायदा करावा लागला. इंग्लंडमध्ये दीड लाखाहून जास्त मुलं 'तात्पुरत्या निवासा'त राहतात. म्हणजे नगरपालिकेनं भाड्यानं घेतलेली खोली, कधी कधी लॉजमधली, जिथे आई आणि तीन पोरं एका पलंगावर झोपतात आणि शाळा दोन बस बदलून असते. हे तात्पुरतेपण कित्येकदा वर्षानुवर्षं चालतं. ट्रसेल ही फूडबँकांची संस्था २०२३-२४ या एका वर्षात धान्याच्या ३१ लाख पिशव्या देऊन बसली, त्यांतल्या ११ लाखांहून जास्त मुलांसाठी होत्या. ही भूक मेळघाटातली नाही, मान्य. पण जगातल्या सहा-सात सर्वांत मोठ्या अर्थव्यवस्थांपैकी एकीनं आपली तुलना मेळघाटाशी व्हावी आणि आपण त्यात पास व्हावं एवढ्यावर समाधान मानायचं का?

टॉवर हॅम्लेट्स हा लंडनचा पूर्वेकडचा भाग मी चांगला पायाखाली घातला आहे. त्याच्या दक्षिण टोकाला कॅनरी व्हार्फ, बँकांचे काचेचे मनोरे. संध्याकाळी तिथून बाहेर पडून उत्तरेला पॉप्लरकडे चालू लागलात की पंधरा मिनिटांत विटांच्या जुन्या सरकारी चाळी लागतात. चाळीच म्हणतो, शब्द तोच शोभतो: सामाईक गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेले कपडे. मुलांच्या गरिबीच्या यादीत हा भाग वर्षानुवर्षं देशात अगदी वरच्या जागांवर असतो. इथली अनेक कुटुंबं बांगलादेशातल्या सिल्हेटहून आलेली आणि घरात तीन-चार मुलं असणं नवलाचं नाही. देशभरात बघितलं तरी बांगलादेशी आणि पाकिस्तानी वंशाच्या घरांत मुलांची गरिबी सर्वांत दाट आहे. तेव्हा दोन मुलांची मर्यादा कागदावर सगळ्यांना सारखी असली तरी तिचा घाव कुणावर बसणार हे आधीपासून ठाऊक होतं.

याच टॉवर हॅम्लेट्समध्ये टॉयन्बी हॉल नावाची १८८४ पासूनची एक समाजसेवी संस्था आहे. १८ मार्च १९९९ ला तिथे पंतप्रधान टोनी ब्लेअर यांनी वीस वर्षांत मुलांची गरिबी संपवू असं जाहीर केलं. राजकारण्यांच्या घोषणा आपल्यालाही परिचयाच्या आहेत, पण इथे पुढे काहीतरी घडलं. कमी कमाईच्या घरांना मुलामागे थेट पैसा देण्याच्या योजना आल्या, बालभत्ता वाढवला गेला, अंगणवाडीच्या धर्तीवरची केंद्रं निघाली. १९९८-९९ मध्ये शंभरातली ३४ मुलं गरीब होती, ती २०१०-११ पर्यंत २७ वर आली. संपली नाही, पण उतरली, आणि ती घरांतल्या नीतिमत्तेत सुधारणा झाली म्हणून नाही. हातात पैसा दिला म्हणून. २०१० मध्ये हे उद्दिष्ट कायद्यात घातलं, २०१६ मध्ये पुढच्या सरकारनं ते कायद्यातून काढलं. त्याच वर्षी एप्रिलपासून कामाच्या वयातल्या लोकांना मिळणाऱ्या बहुतेक मदतीची रक्कम चार वर्षं गोठवली. वर म्हटलेले २७८० पौंड तीन वर्षं २७८० च राहिले, दुधाचा भाव काही राहिला नाही.

याच काळात म्हाताऱ्यांच्या पेन्शनला काय मिळालं ते बघण्यासारखं आहे. महागाई, पगारवाढ किंवा अडीच टक्के, यांतलं जे सर्वांत जास्त असेल तेवढी वाढ दरवर्षी मिळणार, अशी हमी २०१० पासून दिली गेली. म्हाताऱ्यांना मिळू नये असं मी अजिबात म्हणत नाही, माझे इंग्रज शेजारी त्यावरच जगत होते. नव्वदच्या दशकात पेन्शनरांतली गरिबी मुलांतल्या गरिबीच्या जवळपास होती, आज ती शंभरात साधारण १६ आहे, मुलांतली ३१. म्हणजे गरिबी कमी करण्याची विद्या ब्रिटनला येते. पण पेन्शनर मतदानाला न चुकता जातात आणि सहा वर्षांच्या मुलाला मत नसतं.

आता थोडं मागे जातो, कारण या प्रकरणातली मला सगळ्यांत विलक्षण वाटणारी गोष्ट तिथे आहे. मुलांमागे पैसा देण्याची कल्पना ब्रिटनमध्ये रुजवली एलेनॉर रॅथबोन या पुढे खासदार झालेल्या बाईंनी. (भारतातल्या बालविवाहांबद्दलही त्या फार पोटतिडकीनं बोलत. १९२९ मध्ये लंडनला त्यांनी भारतीय स्त्रियांच्या प्रश्नांवर परिषद भरवली तेव्हा धन्वंतीबाई रामा राव यांनी उठून तुम्हाला आमच्याबद्दल ठरवायचा अधिकार कुणी दिला असं सुनावलं होतं. त्याच धन्वंतीबाईंनी १९४९ मध्ये मुंबईत कुटुंब नियोजनाची संस्था उभी केली.) रॅथबोनबाईंचा मुद्दा अगदी साधा होता. पगार कामाला मिळतो, कुटुंबाला नाही. एकाच यंत्रावर काम करणाऱ्या सड्या तरुणाला आणि चार मुलांच्या बापाला पगार एकच. मालक काही पोरं मोजून पगार देणार नाही, आणि देऊही नये. मग मुलांचा खर्च कुठून यायचा? तो समाजानं उचलावा, कारण उद्याचा समाज तीच मुलं आहेत. आणि पैसा आईच्या हातात द्यावा.

पंचवीसेक वर्षांच्या झगड्यानंतर १९४५ मध्ये कायदा झाला. मूळ मसुद्यात पैसे बापाच्या नावावर होते, रॅथबोनबाई ज्यासाठी झगडल्या त्याच विधेयकाविरुद्ध मत द्यायला निघाल्या तेव्हा कुठे ते आईच्या नावावर झाले. रक्कम होती आठवड्याला पाच शिलिंग. कुणासाठी? दुसऱ्या आणि त्यापुढच्या प्रत्येक मुलासाठी. पहिल्यासाठी नाही. तर्क असा, की एका मुलाचा खर्च पगारात भागतो, खरी ओढाताण सुरू होते ती पुढच्या मुलांपासून, म्हणून सरकारनं तिथे उभं राहायचं. बाई जानेवारी १९४६ मध्ये गेल्या आणि पहिला हप्ता ऑगस्टमध्ये वाटला गेला.

एकाहत्तर वर्षांनी तोच देश नेमकं उलटं करतो. पहिल्या दोघांना देतो आणि जिथे ओढाताण सर्वांत जास्त तिथे हात काढून घेतो. १९४५ चा ब्रिटन युद्धानं खंगलेला, कर्जात बुडालेला होता, रेशनवर पाव आणायची वेळ पुढच्याच वर्षी आली. २०१७ चा ब्रिटन त्याच्या कित्येक पट श्रीमंत. परवडत नव्हतं हे कारण तेव्हा दिलं असतं तर पटलं असतं.

शाळेतल्या जेवणाचीही अशीच गंमत. इंग्लंडमध्ये पहिल्या तीन वर्गांतल्या मुलांना २०१४ पासून दुपारचं जेवण सरसकट फुकट आहे, त्यानंतर घरची कमाई बघतात. ती मर्यादा २०१८ पासून वर्षाला ७४०० पौंडांवर बसवलेली होती. अर्ज करताना बाईनं जादा दोन पाळ्या केलेल्या असल्या आणि कमाई ७४५० भरली, तर मुलांना जेवण नाही. तीन मुलं असली तर त्या पन्नास पौंडांपायी हजारभर पौंडांचा फटका. काम करा असं सांगणाऱ्या सरकारनंच हा खड्डा खणून ठेवला होता. सप्टेंबर २०२६ पासून युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्या सगळ्या घरांतल्या मुलांना जेवण द्यायचं असं अखेर ठरलं. टॉवर हॅम्लेट्सनं मात्र स्वतःच्या तिजोरीतून आधीच प्राथमिक आणि मग माध्यमिक शाळांतही सगळ्यांना जेवण सुरू केलं होतं.

इथे आपल्याला थोडी कॉलर ताठ करायला जागा आहे. जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडीच्या रांगेत उभ्या असलेल्या पोराला बापाचा सात-बारा कुणी विचारत नाही. तो घरातला कितवा हेही विचारत नाही. सरपंचाचा नातू आणि ऊसतोडीला गेलेल्या घरातली पोर एकाच पातेल्यातलं खातात. जेवणाची प्रत, शिजवणाऱ्या बाईंचं तुटपुंजं मानधन, अळ्या निघालेला तांदूळ, यांवर कितीही भांडा, भांडलंच पाहिजे. पण पहिली ते आठवीच्या ताटाला पात्रतेचा दाखला लागत नाही, ही गोष्ट श्रीमंत इंग्लंडला अजून सगळीकडे जमलेली नाही.

कॉलर फार वेळ ताठ राहत नाही. कारण तिसऱ्या मुलाची तारीख आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत निवडणूक लढवायची तर १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं 'अपत्य' झालेलं चालत नाही. (मूल सरकारी कागदावर गेलं की त्याचं अपत्य होतं, आणि अपत्य म्हटलं की त्याला गालावर खळी पडते हे विसरायला होतं.) सरकारी नोकरीलाही २००५ पासून लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लागतं. आमदार-खासदारांना मात्र ही अट नाही, ते कितीही लहान-मोठ्या कुटुंबातून येऊ शकतात. अशी अट असलेल्या इतर पाच राज्यांचा अभ्यास निर्मला बुच या निवृत्त सनदी अधिकारी बाईंनी केला होता. त्यात काय आढळलं? नवऱ्यांनी बायका सोडल्या, मुलं दत्तक दिल्याचं दाखवलं, कुणी नोंदच केली नाही, कुणी गर्भातच मुलगी असल्याचं बघून पाडली. पद पुरुषाचं राहावं म्हणून किंमत बाईनं आणि मुलानं मोजली. आंध्र प्रदेशानं ही अट २०२४ मध्ये काढून टाकली. आपण अजून सांभाळून आहोत, तेही राज्याचा जननदर १.७ वर, म्हणजे लोकसंख्या टिकवायला लागतो त्याच्याही खाली, आलेला असताना.

दोन नियमांत फरक आहे हे मला कळतं. आपला नियम बापाचं किंवा आईचं पद काढून घेतो, ब्रिटनचा मुलाचं दूध काढून घेत होता. पण दोन्हींच्या मुळाशी काकांचंच वाक्य आहे: मुलं किती हे मोठ्यांना शिकवायचं आणि त्यासाठी हत्यार म्हणून मूल वापरायचं. याच मुंबईत १९२१ मध्ये र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेव्हा ते कुणाचं काही काढून घेत नव्हते. ते माहिती आणि साधनं देत होते, तेही लोकांच्या शिव्या खात. १९३८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आला तेव्हा बाबासाहेब आंबेडकरांचं भाषणही बाईच्या सुटकेच्या बाजूनं होतं. पाळणा लांबवायचा तो बाईच्या जिवासाठी, हा आपला जुना, शहाणा विचार. त्याचा दंडुका केव्हा झाला?

ब्रिटनमध्ये दंडुका खाली ठेवायलाही वेळ लागला. जुलै २०२४ मध्ये मजूर पक्षाचं सरकार आलं. ही मर्यादा रद्द करा अशी दुरुस्ती तीनच आठवड्यांत संसदेत मताला आली. तिच्या बाजूनं मत देणाऱ्या आपल्याच सात खासदारांना पक्षानं निलंबित केलं. तिजोरीत पैसे नाहीत, हे कारण. सोळा महिन्यांनी, २६ नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात, अर्थमंत्री रेचल रीव्हज यांनी एप्रिल २०२६ पासून मर्यादा उठवण्याची घोषणा केली. खर्च अंदाजे वर्षाला तीन अब्ज पौंड, आणि दशक संपता संपता साडेचार लाख मुलं गरिबीच्या रेषेच्या वर येतील असा सरकारचाच हिशेब. साडेचार लाख मुलं एका कलमानं वर येणार असतील तर ती इतकी वर्षं एका कलमानंच खाली होती, असा त्याचा सरळ अर्थ होतो. स्कॉटलंडच्या सरकारनं तर २०२१ पासूनच कमी उत्पन्नाच्या घरांना मुलामागे आठवड्याला वेगळी रक्कम सुरू केली होती, मुलं न मोजता. तिथे मुलांची गरिबी ब्रिटनच्या सरासरीहून बरीच खाली आहे. घरभाडं तिथे स्वस्त आहे हेही त्याचं एक कारण, पण एकच नाही.

मर्यादा उठली तरी तिची थोरली बहीण घरातच आहे. एका घराला एकूण मदत किती मिळावी यावर २०१३ पासून वरची रेघ आहे, लंडनमध्ये मुलं असलेल्या घराला वर्षाला २५,३२३ पौंड आणि बाहेर २२,०२०. भाड्यातच एवढे गेले तर तिसऱ्या मुलाचे पैसे एका खात्यातून मिळाल्यासारखे दिसतील आणि दुसऱ्या खात्यात कापले जातील. शिवाय व्हिसावर आलेल्यांचा प्रश्न वेगळाच. त्यांच्या परवान्याला 'सरकारी निधीवर हक्क नाही' अशी अट जोडलेली असते. आपले संगणकवाले मराठी लोक ते वाचून खांदे उडवतात, त्यांना गरज पडत नाही. त्याच शिक्क्यावर आलेल्या केरळच्या किंवा नायजेरियाच्या, वृद्धाश्रमात राबणाऱ्या बाईला ते खांदे उडवून चालत नाही. तिच्या पहिल्याच मुलाला काही नाही, तिसऱ्याचं सोडा.

पुण्यातल्या त्या जेवणात मी हे सगळं बोललो नाही. पंगतीत एवढं बोलायचं नसतं, आणि काकू वाढत होत्या. काकांना एवढंच विचारलं, की तुम्ही भावंडं किती? सहा, ते म्हणाले, आणि स्वतः पाचवे. आजोबा तलाठी कचेरीत कारकून होते. मग काकाच सांगत बसले, कोण कुणाच्या घरी वारानं जेवून शिकलं, कुणाची फी कुठल्या मास्तरांनी भरली.

बर्मिंगहॅमची ती दोन बाळं एप्रिल २०२६ मध्ये नऊ वर्षांची होतात. मध्यरात्रीनंतर जन्मलेल्याच्या घरी त्या महिन्यापासून पैसे सुरू होतील. गेल्या नऊ वर्षांत त्या घराला ही मदत सलग लागली असेल तर न मिळालेल्या रकमेची मी बेरीज करून पाहिली. ती सत्तावीस हजार पौंडांच्या आसपास जाते. थकबाकी देण्याची तरतूद कायद्यात नाही.